नजरेत न भरणारा नट : जीन हॅकमन

न्यूयॉर्कमधला हाडं गोठवणारा हिवाळा. एका महागड्या रेस्तराँमध्ये एक फ्रेंच गृहस्थ निवांत जेवतो आहे. पदार्थांमागून पदार्थ येताहेत, वाइन ओतली जाते आहे. रस्त्यापलीकडे, दाराच्या आडोशाला, त्याच्यावर पाळत ठेवणारा पोलीस उभा. खायला पिझ्झाचा तुकडा, प्यायला कागदी पेल्यातली कॉफी. तो पाय आपटतो, खांदे आखडून घेतो, कॉफीचा घोट घेतो आणि तोंड वाकडं करून उरलेली कॉफी रस्त्यावर ओतून देतो. एकही संवाद नाही. या गुन्हेगाराला पकडण्याचं त्याचं वेड नक्की कुठून आलं आहे, ते मात्र एवढ्यात कळून चुकतं. कायदा, कर्तव्य वगैरे असेलच. पण तो तिथे उबेत बसून खातो आहे आणि आपण इथे कुडकुडतो आहोत, ही चरफड त्याहून मोठी आहे.

'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) मधला हा पोलीस म्हणजे 'पॉपाय' डॉइल. तो साकारणारा जीन हॅकमन तेव्हा चाळिशीत पोचला होता. कपाळावरून मागे हटलेले केस, जाड नाक, बारीक डोळे. अंगाने धिप्पाड, पण डौल कसला तो नाही. हॉलिवूडच्या पोस्टरवर शोभावं असं त्याच्यात काही नव्हतं. बँकेच्या काउंटरमागे, ट्रकच्या स्टिअरिंगवर, दुकानाच्या गल्ल्यावर, कुठेही खपून जाईल असा हा चेहरा. याच भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं आणि पुढची तीसेक वर्षं तो अमेरिकी सिनेमातला सगळ्यात भरवशाचा नट राहिला. तरीही त्याची ओळख करून द्यावी लागते. ब्रँडो, पचिनो, डी नीरो यांना प्रस्तावनेची गरज पडत नाही. हॅकमनच्या बाबतीत प्रेक्षकाला आधी पात्र आठवतं, मग सिनेमा, आणि नाव ओठांवर यायला जरा वेळ लागतो. 'सुपरमॅन'मधला तो लेक्स लूथर, 'अनफर्गिव्हन'मधला तो शेरीफ, पाणबुडीवरचा तो हेकट कॅप्टन... हे तिन्ही एकच गृहस्थ आहेत हे ऐकून चपापणारे लोक आजही सापडतात.

त्याची उपेक्षा झाली असं म्हणायला जागा नाही. पाच ऑस्कर नामांकनं आणि दोन ऑस्कर हे काही अन्यायाचं लक्षण नव्हे. गोम त्याच्या कामाच्या पद्धतीतच आहे. बहुतेक मोठे नट, भूमिका कितीही काळी असो, प्रेक्षकाला आडून एक खूण करत असतात : मी मुळात वाईट नाही, जरा समजून घ्या. हॅकमन ती खूण करत नाही. माणसाचा कोतेपणा, जळकेपणा, हट्ट जसा आहे तसा समोर ठेवतो आणि बाजूला होतो. या माणसाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा. प्रेक्षकाची मर्जी न राखण्याचा हा कणखरपणा त्याने कुठून आणला, याचा माग काढायचा तर इलिनॉय राज्यातल्या डॅनव्हिल या गावी जावं लागतं.

जन्म ३० जानेवारी १९३०चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचा. महामंदीचे दिवस. कुटुंब ठिकाणं बदलत अखेर डॅनव्हिलमध्ये आजीच्या घरी टेकलं. वडील तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर काम करत. आई सिनेमाची शौकीन, मुलाला बरोबर घेऊन जायची. जेम्स कॅग्नी त्याचा विशेष आवडता. एरॉल फ्लिनचा सिनेमा पाहून बाहेर पडताना थिएटरच्या आरशात नजर जायची आणि आपण फ्लिनसारखे दिसत नाही याचा धक्का बसायचा, असं तो पुढे सांगत असे.

तो तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. मुलगा रस्त्यावर खेळत होता. वडिलांची गाडी जवळून गेली, त्यांनी हात हलवला आणि ते निघून गेले. भांडण नाही, समजूत काढणं नाही, नुसता एक हात. त्याचा अर्थ मुलाला तिथल्या तिथे कळला. जवळपास साठ वर्षांनी, टीव्हीवरच्या एका मुलाखतीत ही आठवण सांगताना सत्तरी ओलांडलेल्या हॅकमनचा गळा दाटून आला होता. एवढीशी हालचाल किती बोलून जाते हे त्या दिवशी समजलं, कदाचित म्हणूनच मी नट झालो असेन, असंही त्याने म्हटलं आहे. नटांच्या आठवणींत असल्या सोयीस्कर कथा पुष्कळ असतात आणि त्यांच्याकडे थोडं संशयाने पाहिलेलंच बरं. पण हॅकमनचं काम पाहताना ही कथा बाजूला सारता येत नाही. त्याचे उत्तम क्षण लांबलचक भाषणांत सापडत नाहीत. ते हातात, मानेत, आणि सगळ्यात जास्त त्याच्या त्या छोट्याशा खुसखुसण्यात सापडतात. त्या हसण्याकडे पुढे यायचंच आहे.

सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून तो मरीन दलात भरती झाला. साडेचार वर्षांच्या नोकरीत रेडिओ ऑपरेटर म्हणून थेट चीनपर्यंत जाऊन आला. शिस्तीशी त्याचं कधी जमलं नाही. अधिकार गाजवणाऱ्या माणसाविषयी पोटात एक अढी तेव्हापासून बसली असावी. पुढे आयुष्यभर त्याने कॅप्टन, शेरीफ, प्रशिक्षक, राष्ट्राध्यक्ष अशा अधिकारी माणसांच्याच भूमिका केल्या आणि त्यांतल्या एकालाही देवत्व दिलं नाही. सैन्यातून सुटल्यावर पत्रकारितेचा अभ्यासक्रम अर्धवट सोडला, थोडं टीव्हीचं तांत्रिक शिक्षण घेतलं. अभिनयाच्या शाळेत तो पोचला तेव्हा पंचविशी उलटली होती, लग्न झालं होतं.

ती शाळा म्हणजे कॅलिफोर्नियातलं पॅसाडीना प्लेहाउस. तिथे त्याचं गूळपीठ जमलं ते वयाने सात वर्षं लहान असलेल्या, बुटक्या, नाकेल्या डस्टिन हॉफमनशी. पुढे नाव काढण्याची सगळ्यात कमी शक्यता असलेले विद्यार्थी म्हणून वर्गाने या दोघांना निवडलं होतं. निवडणाऱ्यांपैकी कोणाचं नाव आज कोणाला ठाऊक नाही, पण त्यांना हसण्यातही अर्थ नाही. १९५६ सालच्या हॉलिवूडचा हिशेब लावला तर त्यांचं मत अगदी बरोबर होतं. हे दोन चेहरे तेव्हाच्या सिनेमात बसत नव्हते. सिनेमाच बदलावा लागणार होता.

मग न्यूयॉर्क. ट्रक चालवणं, लोकांचं फर्निचर जिने चढून पोचवणं, बूट विकणं. टाइम्स स्क्वेअरमधल्या हॉवर्ड जॉन्सन रेस्तराँच्या दारात झगमगीत गणवेश घालून तो दरवानाचं काम करत असताना पॅसाडीनाचा एक शिक्षक समोरून आला. याच्या हातून काही होणार नाही हे आपण म्हटलंच होतं, असं ऐकवून तो पुढे गेला. हॅकमन हा किस्सा अनेकदा सांगायचा, आणि सांगताना अपमानापेक्षा चिडीचा भाग जास्त असायचा. त्या चिडीवर आपण पुढची वर्षं काढली, असं त्याचं म्हणणं. हॉफमन न्यूयॉर्कला आला तेव्हा हॅकमनच्या लहानशा घरात, स्वयंपाकघरातल्या फरशीवर झोपत असे. दोन-चार दिवसांसाठी आलेला पाहुणा हलेना, तेव्हा हॅकमनने त्याला आपल्या दुसऱ्या मित्राच्या गळ्यात घातलं. तो मित्र रॉबर्ट डुव्हाल. एका खोलीचं भाडं भागवताना मेटाकुटीला येणारे हे तिघं पुढे प्रत्येकी एकदा तरी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर घेऊन गेले.

आईला यातलं काही पाहता आलं नाही. १९६२ साली जळत्या सिगरेटमुळे लागलेल्या आगीत ती गेली.

१९६४ मध्ये ब्रॉडवेवर 'एनी वेन्सडे' हे नाटक चाललं आणि त्याच वर्षीच्या 'लिलिथ' सिनेमात त्याला वॉरन बेटीबरोबर एक छोटा प्रसंग मिळाला. प्रसंग छोटा, पण बेटीने तो लक्षात ठेवला. 'बॉनी अँड क्लाइड' (१९६७) जमवताना क्लाइडचा भाऊ बक याच्या भूमिकेसाठी त्याने हॅकमनला बोलावलं. बक बॅरो हा बडबड्या, दिलदार, जरा मंद डोक्याचा दरोडेखोर. जोक सांगायचा आणि स्वतःच सगळ्यांत आधी हसायचं, ही त्याची सवय. डोक्यात गोळी लागल्यावर हाच माणूस मोकळ्या माळावर जखमी जनावरासारखा गुडघ्यांवर फिरत राहतो आणि पाहणाऱ्याला खुर्चीत बसवत नाही. पहिलं ऑस्कर नामांकन इथलं.

त्याच वर्षी त्याला एका सिनेमातून काढूनही टाकण्यात आलं. 'द ग्रॅज्युएट'मध्ये दिग्दर्शक माइक निकल्सने त्याला मिस्टर रॉबिन्सनच्या भूमिकेसाठी घेतलं होतं. नायक होता हॉफमन. तालमी सुरू झाल्या आणि निकल्सच्या लक्षात आलं की सदतीस वर्षांचा हा माणूस त्या बापाच्या वयाचा वाटत नाही. ज्याचा चेहरा विशीतही पोक्त दिसे, त्याला कोवळा म्हणून नारळ मिळावा यात गंमत आहे. त्याला ती तेव्हा जाणवली नसणार. दोन दशकांनंतर निकल्सनेच त्याला 'पोस्टकार्ड्स फ्रॉम द एज'मध्ये आणि पुढे 'द बर्डकेज'मध्ये घेतलं.

'द फ्रेंच कनेक्शन'साठीही तो पहिली पसंती नव्हता. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने आधी जिमी ब्रेस्लिन या वृत्तपत्रीय स्तंभलेखकाला घेऊन पाहिलं होतं! पॉपाय ज्याच्यावर बेतला तो एडी ईगन हा खराखुरा पोलीस अधिकारी. हॅकमन त्याच्याबरोबर हार्लेममध्ये फिरला, छापे पाहिले आणि हादरला. ईगनची वर्णद्वेषी भाषा त्याच्या तोंडून निघेना. सुरुवातीलाच एका संशयिताला थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता, तो पुन्हा पुन्हा फसला. हॅकमन काम सोडायला निघाला होता. फ्रीडकिनने त्याला चुचकारलं नाही. उलट डिवचून, चिडवून त्याच्यातला राग बाहेर काढला. ब्रुकलिनमधल्या उन्नत रेल्वेखालचा तो सुप्रसिद्ध पाठलाग सगळ्यांना आठवतो, आणि त्याचं श्रेय बिल हिकमन या स्टंट ड्रायव्हरला आणि संकलकाला द्यायला हवं. हॅकमनचं श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. शेवटी पॉपायच्या हातून भलताच माणूस मारला जातो, एक सरकारी अधिकारी. सोबती सुन्न होतो. पॉपाय पिस्तुलात गोळ्या भरतो आणि पुढे चालू लागतो. चेहऱ्यावर पश्चात्तापाची रेघ नाही. दुसऱ्या कोणी तिथे क्षणभर डोळे मिटले असते, ओठ थरथरवला असता. हॅकमन प्रेक्षकाला ती सवलत देत नाही.

ऑस्करनंतर 'द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर' तुफान चालला. आता हवं ते करता येईल असं वाटून त्याने १९७३ साली 'स्केअरक्रो' केला, अल पचिनोबरोबर. दोन भणंग, अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसरीकडे निघालेले. त्यांतला हॅकमनचा मॅक्स नुकता तुरुंगातून सुटलेला, तापट, संशयी, अंगावर कपड्यांचे थरावर थर चढवणारा. त्याला पिट्सबर्गमध्ये गाड्या धुण्याचा धंदा टाकायचा आहे. तयारी म्हणून दोघं नट भणंगांच्याच वेशात कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर लिफ्ट मागत हिंडले. एका बारमध्ये मारामारी पेटण्याच्या बेताला आलेली असताना मॅक्स अचानक नाचत एकेक कपडा उतरवू लागतो आणि सगळा बार हसून लोळतो, हा प्रसंग पाहण्यासारखा. शेवटचा तर त्याहून : तिकीट खिडकीवर पैसे कमी पडतात, मॅक्स बूट काढून टाच उपसतो आणि आत दडवलेली नोट बाहेर काढतो. तिकीट परतीचं आहे. म्हणजे हा माणूस मित्राकडे परत येणार आहे. हे तो बोलून दाखवत नाही, बूट आपटत राहतो.

कान महोत्सवात या सिनेमाला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. अमेरिकेत तो पडला. ही भूमिका हॅकमनची सर्वांत लाडकी होती आणि हे अपयश त्याच्या जिव्हारी लागलं. चांगलं काम आणि चालणारं काम यांची त्याच्या मनात फारकत झाली ती इथे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने पैसे पाहून जे बरंच काही स्वीकारलं, त्याची मुळं या निराशेत शोधावी लागतात.

पण त्याआधी 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४) होता.

फ्रान्सिस कोपोलाच्या दोन 'गॉडफादर'मधल्या फटीत झालेला हा सिनेमा. हॅकमनचा हॅरी कॉल हा चोरून संभाषणं ध्वनिमुद्रित करण्यातला देशातला अव्वल माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये दुपारच्या गर्दीत एक जोडपं गोल गोल फिरत बोलतं आहे आणि हॅरीची माणसं वेगवेगळ्या कोनांतून त्यांचे शब्द टिपताहेत. ते काय बोलताहेत याच्याशी हॅरीला देणंघेणं नाही. टेप स्वच्छ हवी. दुसऱ्यांच्या आयुष्यात कान घालणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दाराला एकाहून जास्त कुलपं आहेत. वाढदिवसाची भेट म्हणून घरमालकीण वाइनची बाटली आत ठेवून जाते, आणि कोणीतरी आपल्या घरात शिरू शकतं या जाणिवेने त्याचा वाढदिवस नासून जातो. पाऊस नसतानाही अंगावर पातळ, आरपार दिसणारा रेनकोट. संध्याकाळी तो रेकॉर्ड लावतो, तिच्याबरोबर सॅक्सोफोन वाजवतो आणि टाळ्या पडतात त्या रेकॉर्डवरच्या.

ऐकणारा माणूस पडद्यावर दाखवणं फार अवघड. बोलणाऱ्याला शब्द असतात, रडणाऱ्याला अश्रू. ऐकणाऱ्याने करायचं काय? इथे हॅकमन टेप मागे-पुढे करत बसतो आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकतो. वाक्य बदलत नाही, पण दर खेपेला त्याच्या चेहऱ्यावर ते निराळं उमटतं. सुरुवातीला कारागिराचं समाधान, मग कुतूहल, मग भीती. वॉल्टर मर्चचं ध्वनिसंयोजन आणि हॅकमनचा चेहरा यांनी मिळून हा सिनेमा उचलला आहे. मूळचा मोकळाढाकळा, अंगातली ऊर्जा न लपणारा हा नट त्या आक्रसलेल्या माणसाच्या कातडीत घुसमटत होता, आणि ती घुसमटच भूमिकेला उपयोगी पडली. कथा कोपोलाने साठच्या दशकातच लिहायला घेतली होती. सिनेमा आला १९७४च्या एप्रिलमध्ये, वॉटरगेट प्रकरणाच्या ऐन धुमाळीत. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार झाले. त्या प्रकरणातल्या टेप्सवर घाईने काढलेला सिनेमा, असा त्याच्याविषयी गैरसमज व्हावा इतका हा योग जुळून आला. या कामासाठी हॅकमनला साधं ऑस्कर नामांकनही मिळालं नाही. ऑस्करच्या इतिहासात चुकांना तोटा नाही, पण ही त्यांतली वरच्या रांगेतली.

चोवीस वर्षांनी टोनी स्कॉटच्या 'एनिमी ऑफ द स्टेट'मध्ये हॅकमन पुन्हा पाळत ठेवणारा, जगापासून दडून बसलेला माणूस झाला. त्या पात्राच्या सरकारी फाइलमध्ये तरुणपणचा जो फोटो दिसतो, तो हॅरी कॉलचा आहे.

'द कॉन्व्हर्सेशन'च्याच वर्षी त्याने मेल ब्रुक्सच्या 'यंग फ्रँकेनस्टाइन'मध्ये आंधळ्या साधूचं एक छोटं काम केलं. आलेल्या राक्षसाच्या मांडीवर कढत सूप ओतणं आणि चिरूट समजून त्याचा अंगठा पेटवणं एवढंच ते काम. टेनिस खेळताना सिनेमाचा नायक जीन वाइल्डरकडे त्याने स्वतःच ते मागून घेतलं होतं. मूळ श्रेयनामावलीत त्याचं नाव नव्हतं आणि पुष्कळ प्रेक्षकांनी त्याला ओळखलंच नाही. घुम्या हॅरीनंतर लगेच हा आचरटपणा पाहिला की या नटाचा पल्ला ध्यानात येतो.

मधली काही वर्षं भराभर उलटायला हरकत नाही. 'नाइट मूव्हज' (१९७५) चांगला, बाकी बरंच यथातथा. 'सुपरमॅन' (१९७८) मध्ये ब्रँडो आणि हॅकमन यांची नावं आधी आणि सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हचं त्यांच्यानंतर, यावरून तेव्हाचं त्याचं वजन कळावं. या सिनेमासाठी मिशी काढायला तो तयार नव्हता. दिग्दर्शक रिचर्ड डॉनरने पैज लावली, तू काढ, मीही माझी काढतो. हॅकमनने काढली. डॉनरने आपली ओढून काढली. ती चिकटवलेली होती. त्यानंतर हॅकमन काही काळ पडद्यापासून दूर राहिला, चित्रं काढत बसला, मोटारींच्या शर्यतींत उतरला. पुढे १९८३ साली डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीतही त्याने गाडी चालवली आहे. पडद्यावर मात्र बेटीच्या 'रेड्स' (१९८१) ने त्याला त्याआधीच परत आणलं होतं.

परतल्यावरचा हॅकमन जास्त मुरलेला आहे. 'हूझिअर्स' (१९८६) मध्ये तो इंडियानातल्या खेड्यातल्या शाळेत आलेला बास्केटबॉल प्रशिक्षक झाला. चुकीच्या कारणांसाठी, म्हणजे पैशांसाठी, हा सिनेमा घेतला होता, हे त्याने मोकळेपणी कबूल केलं आहे. आज अमेरिकेतल्या सर्वांत लाडक्या क्रीडापटांत त्याची गणना होते.

'मिसिसिपी बर्निंग' (१९८८) वर टीका झाली आणि ती रास्तही होती : नागरी हक्कांच्या लढ्याची गोष्ट सांगताना दिग्दर्शक अ‍ॅलन पार्करने कृष्णवर्णीयांना मागे ढकललं आणि एफबीआयच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना नायक केलं. पण त्या अधिकाऱ्यांतला हॅकमनचा अँडरसन स्वतः मिसिसिपीचाच, तिथल्याच मातीत वाढलेला. एका रात्री तो आपल्या वडिलांची गोष्ट सांगतो. शेजारच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याने खेचर घेतलं. गावात चर्चा झाली. वडिलांना ते सोसवेना आणि एक दिवस ते खेचर विष घालून मारलेलं सापडलं. वडिलांच्या चेहऱ्यावरून मुलाला सगळं कळलं, आणि मुलाला कळलं आहे हे वडिलांना. हॅकमन हे सांगताना आवाज चढवत नाही, खाली आणतही नाही. बापाची लाज मुलगा कशी वागवतो हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. या भूमिकेसाठी त्याला मुख्य अभिनेत्याचं नामांकन मिळालं. पुरस्कार गेला 'रेन मॅन'साठी, डस्टिन हॉफमनकडे.

त्या सुमारास त्याला हिंसेचा वीट आला होता. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' स्वतः दिग्दर्शित करण्याचा त्याचा विचार चालू होता. तो त्याने सोडून दिला. १९९० साली हृदयावर उपचार करून घ्यावे लागले. मुलींनाही बापाला पडद्यावर माणसं मारताना पाहणं आवडत नव्हतं. म्हणून क्लिंट ईस्टवूडने 'अनफर्गिव्हन' (१९९२) पुढे केला तेव्हा त्याने आधी नकारच दिला. हा सिनेमा हिंसेची आरती करणारा नाही, हे ईस्टवूडला त्याला पटवून द्यावं लागलं.

आता त्या हसण्याविषयी. 'अनफर्गिव्हन'मधला लिटल बिल डॅगेट हा बिग व्हिस्की नावाच्या गावाचा शेरीफ. गावात शस्त्र आणायचं नाही, हा त्याचा नियम, आणि नियम वाईट नाही. तो स्वतःच्या हाताने घर बांधतो आहे. सुतारकाम दिव्य, छप्पर ठिकठिकाणी गळतं. पण कोणी चेष्टा केलेली खपत नाही. इंग्लिश बॉब या नामांकित बंदूकबाजाला तो भर रस्त्यात लाथांनी तुडवतो आणि मग तुरुंगात बसून, बॉबच्या चरित्रकाराला घेऊन, त्या शौर्यकथांमधलं थोतांड एकेक करून उघडं पाडतो. पुस्तकाचं शीर्षक मुद्दाम चुकीचं वाचतो आणि खुसखुसतो. हॅकमनचं हे घशातलं, मऊ हसू कोणी नीट ऐकावं. त्यात गप्पिष्ट काकांचा जिव्हाळा आहे. 'मिसिसिपी बर्निंग'मध्ये न्हाव्याच्या दुकानात शिरताना तो असाच हसतो आणि पुढच्या क्षणी समोरच्याची हाडं खिळखिळी करतो. रागाला कपाळावरच्या आठ्या दाखवणारे नट हजार आहेत. हॅकमनचा माणूस हसला की समोरच्याने दार कुठे आहे ते पाहून ठेवावं.

आणि तरीही लिटल बिल स्वतःला खलनायक समजत नाही. आपण गावात शांतता राखतो, बस. मरताना तो दयेची भीक मागत नाही. त्याला आश्चर्य वाटतं. आपलं घर अजून बांधून व्हायचं आहे, मग हे मरण आपल्या वाट्याला कसं? त्या क्षणी सिनेमातला चांगला कोण आणि वाईट कोण, याचा हिशेब विस्कटतो. डेव्हिड वेब पीपल्सने ही पटकथा सत्तरच्या दशकात लिहून ठेवली होती. तिला असा नट मिळेपर्यंत ती थांबली हे बरंच झालं. दुसरं ऑस्कर याच कामाचं.

नव्वदच्या दशकात तो थांबलाच नाही. 'द फर्म', 'गेट शॉर्टी', 'अ‍ॅब्सोल्यूट पॉवर', एकामागून एक सिनेमे. 'क्रिमसन टाइड' (१९९५) मध्ये पाणबुडीचा कॅप्टन म्हणून डेन्झेल वॉशिंग्टनसमोर उभा राहिला. घोड्यांच्या एका जातीचा रंग आणि उगम यांवरून दोघांत चालणारं वरवर सभ्य बोलणं हे खरं तर वंशावरून चाललेलं भांडण आहे, आणि ते अण्वस्त्रं डागायची की नाही या त्यांच्यातल्या वादापेक्षा जास्त तापतं.

सेटवर तो सोपा माणूस नव्हता. दिग्दर्शक वेस अँडरसनने 'द रॉयल टेननबॉम्स' (२००१) त्याच्यासाठीच लिहिला, महिनोन् महिने पिच्छा पुरवला आणि मग चित्रीकरणात त्याचा तापटपणा भोगला. आपलं काम नसलेल्या दिवशीही सहकलाकार बिल मरे सेटवर येऊन बसायचा, तरुण दिग्दर्शकाला आधार म्हणून. पण कुटुंबाला टाकून गेलेला, वर्षांनी पोटाच्या कॅन्सरची थाप मारून परतलेला बाप रॉयल टेननबॉम हॅकमनशिवाय कोणी केला असता तर असह्य झाला असता. तो लबाड आहे, स्वार्थी आहे. नातवंडांना घेऊन रस्त्यावर उंडारतो तेव्हा त्याच्यावर प्रेम करावंसं वाटतं आणि लगेच आपण फसलो असंही वाटतं. घर सोडून गेलेला बाप त्याने एकाहत्तराव्या वर्षी असा आतून उभा केला आणि त्याला माफी मागण्याची सक्ती केली नाही.

'रनअवे ज्युरी' (२००३) मध्ये हॅकमन आणि हॉफमन प्रथमच एका सिनेमात आले. मूळ पटकथेत त्यांचा समोरासमोर एकही प्रसंग नव्हता. हे लक्षात आल्यावर स्वच्छतागृहातला एक वाग्युद्धाचा प्रसंग खास लिहून घेतला गेला. पन्नाशीला आलेली मैत्री, आणि प्रसंग मिळाला तो न्यायालयाच्या मुतारीत. दोघांनीही तो चवीने केला आहे.

२००४ नंतर त्याने सिनेमा सोडला. न्यूयॉर्कमध्ये हृदयाची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी ताण झेपणार नाही असं सांगितलं, हे कारण त्याने पुढे दिलं. निरोप समारंभ नाही, पुनरागमनाच्या वावड्या नाहीत. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे तो ऐंशीच्या दशकापासूनच राहत होता. तिथे चित्रं काढली आणि कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या तीन डॅनियल लेनिहन या सागरी पुरातत्त्वज्ञाबरोबर, नंतरच्या एकट्याने. पडद्यावर परत येण्याची गळ त्याला अनेकांनी घातली, तो बधला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच घरी त्याचा आणि पत्नी बेट्सी अराकावा यांचा काही दिवसांच्या अंतराने मृत्यू झाला. आधी त्या गेल्या, हंता विषाणूच्या संसर्गाने. हॅकमनला हृदयविकार होता आणि अल्झायमर बळावलेला होता. वय ९५. या मृत्यूच्या बातम्यांनी काही आठवडे वर्तमानपत्रं भरून गेली. जो माणूस वीस वर्षं प्रसिद्धीपासून लांब राहिला त्याच्या घराच्या खोल्यांची वर्णनं जगभर छापली गेली, यापेक्षा अधिक त्याबद्दल इथे लिहिण्याचं कारण नाही.

हॅकमन पाहायचा तर सुरुवात कुठून करावी? बहुतेक जण 'द फ्रेंच कनेक्शन' सांगतील. त्यात चूक नाही, पण तो सिनेमा इतका वेगवान आहे की नटाकडे बघायला उसंत मिळत नाही. 'स्केअरक्रो'पासून सुरुवात करावी, मग 'द कॉन्व्हर्सेशन', आणि तोही मोबाइलवर नव्हे, चांगल्या आवाजात, जमल्यास दोनदा. 'अनफर्गिव्हन' त्यानंतर. मधे चव बदलायला 'यंग फ्रँकेनस्टाइन'. त्याचा शेवटचा सिनेमा 'वेलकम टू मूसपोर्ट' (२००४) : त्यात तो निवृत्त राष्ट्राध्यक्ष आहे आणि एका गावच्या महापौरपदासाठी तिथल्या हार्डवेअर दुकानदाराविरुद्ध उभा राहतो. कल्पना मजेदार, सिनेमा कंटाळवाणा. क्रमाने जाणाऱ्यांनी तो गाळून 'रॉयल टेननबॉम्स'वर थांबावं. आणि पाहायचाच हट्ट असेल तर हॅकमन नसलेले भाग पुढे ढकलून पाहावा, फार काही चुकणार नाही.